दीड वर्षाची मुलगी धावते, पण बोलत नाही. काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की लेक दीड वर्षाची आहे, घरभर पळते, पण ‘आई’ आणि ‘बाबा’ याखेरीज शब्द नाही. आणि घरची मोठी माणसं म्हणतात, लवकर चालणारं मूल उशिराच बोलतं. माझा मुलगा याच वयाचा असताना मलाही हेच सांगितलं होतं. त्यावर विसंबून मी सहा महिने घालवले, म्हणून लिहिते.

चालण्यामुळे बोलणं मागे पडत नाही. उलट चालणारं मूल लांबची वस्तू उचलून तुमच्याकडे आणतं, तुम्ही तिचं नाव घेता, आणि शब्द कानावर पडत राहतात. चालण्याचं वयही मुलागणिक बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अभ्यासात निरोगी मुलं साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान एकटी चालू लागलेली दिसली.

शब्द मोजण्याआधी तिचं बोट बघा. हवा असलेल्या खेळण्याकडे बोट करणं ही मागणी झाली. पण खिडकीबाहेर पक्षी दिसला, तिने बोट केलं आणि लगेच वळून तुमच्या तोंडाकडे पाहिलं, तर ती ‘तूही बघ’ म्हणतेय. हे बोलणंच आहे, फक्त शब्दाविना. तसंच, हाताने खूण न करता ‘बूट आण’ म्हटलं तर आणते का, हेही बघा.

आणि कान तपासून घ्या. दार आपटलं की माझा मुलगा दचकायचा, टाळी वाजवली की वळायचा, म्हणून त्याला नीट ऐकू येतं असं आम्ही धरून चाललो. तपासणीत कळलं की वारंवारच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. अशा वेळी मोठे आवाज कळतात, ‘स’, ‘फ’सारखे हलके आवाज मात्र पुसट होतात. आमच्या घरात हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

घरी मी एक मोठी चूक करत होते: अखंड बोलायचे. ‘हे काय? बॉल म्हण. म्हण ना!’ स्पीच थेरपिस्टने मला जमिनीवर त्याच्यासमोर बसवलं आणि सांगितलं, एकदा ‘बॉल’ म्हणा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजा. ती शांतता मला सोसवत नव्हती. सातव्या आकड्याला त्याचे ओठ हलले: ‘बो’. मग मी म्हणायचं, ‘हो, बॉल! मोठा बॉल!’ चूक दुरुस्त करायची नाही, फक्त एक शब्द वाढवायचा.

मोबाइल दूर ठेवा, तो मुलाच्या उत्तराची वाट बघत नाही. घरात दोन भाषा असतील तर दोन्ही बोला, त्याने उशीर होत नाही.

‘अजून थोडं थांबू’ हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या, वाढीच्या टप्प्यांच्या 2022 मध्ये सुधारलेल्या यादीनुसार, दीड वर्षाची बहुतेक मुलं आई-बाबा सोडून निदान तीन शब्द म्हणायचा प्रयत्न करतात. तेव्हा बालरोगतज्ज्ञांना आताच दाखवा, श्रवणचाचणीही करून घ्या. येत असलेले शब्द गेले, तर एक दिवसही थांबू नका. जाताना घरात खेळतानाचे तिचे दोन-तीन व्हिडिओ न्या. अनोळखी खोलीत मुलं गप्प बसतात आणि डॉक्टरांना खरी मुलगी दिसतच नाही.