भिंतीवरची ओल नेमकी कुठून येते हे कसं ओळखायचं?

दोनदा रंग दिला तरी बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा डाग परत येतो, पाऊस की पाइप ते कसं कळणार, असं तुम्ही विचारलंय. आधी पेन्सिल घ्या. डागाच्या कडेने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. डाग कुठे आहे यावर फार विसंबू नका, पाणी चिरेतून, पाइपच्या खाचेतून उतरत भलतीकडेच बाहेर पडतं. तो कधी वाढतो ते बघा.

आमचंच सांगते. डोंबिवलीत तिसरा मजला, बेडरूमच्या भिंतीपलीकडे बाथरूम. कमरेच्या उंचीवर पोपडे सुटायला लागले. ज्याला बोलावलं त्याने पाच मिनिटं बघून 'बाहेरून पाणी मारतंय' असं ठरवलं आणि पाळणा लावून बाहेरून वॉटरप्रूफ रंग दिला. पैसे गेले, डाग जागच्या जागी. (वॉटरप्रूफिंगवाल्याला सगळीकडे पाऊस दिसतो, प्लंबरला पाइप. म्हणून कोणाला बोलवायचं ते आधी आपण ठरवावं.)

पुढच्या मे महिन्यात बारा दिवस गावी गेलो. परत येऊन बघते तर रेघेच्या आत चांगली तीन बोटं भिंत सुकलेली! पाण्याचा व्हॉल्व्ह तर चालूच होता. म्हणजे ज्या पाइपांत सतत पाणी भरलेलं असतं ते ठीक होते. त्यातला एखादा गळत असता तर आम्ही नसतानाही झिरपत राहिला असता. उरलं ते फक्त वापरताना वाहणारं पाणी. मग नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भोकात) प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फडका कोंबला, इंचभर पाणी साठवलं, टाइलवर खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवरच, म्हणजे फरशीतूनही जात नव्हतं. शेवटी घरात फर्मान काढलं, आठ दिवस बादलीने आंघोळ. लेकाने तोंड वाकडं केलं, पण डाग वाढायचा थांबला. गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळापासून शॉवरकडे जो पाइप भिंतीतून वर चढतो, त्यातून पाणी शॉवर सुरू असतानाच वाहतं. त्याच्या सुरुवातीचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गळत होता. दोन टाइल्स फोडल्या, अर्ध्या दिवसात काम झालं.

तुम्ही मजला लिहिलेला नाही. तळमजला असेल आणि ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच, वर साधारण आडवी कड, बोट फिरवलं की पांढरी पूड, तर तो लोणा. जोत्याखालची ओल भिंत वर ओढतेय. हे क्षार हवेतला दमटपणाही शोषतात, त्यामुळे पावसाळ्यात जास्त चिघळतं. माझ्या माहेरी जांभ्याच्या घरात हे दरवर्षीचंच. तिथे चुना आहे तोवर भिंत श्वास घेते; एका खोलीला हौसेने पुट्टी आणि प्लास्टिक पेंट दिला, दोन पावसाळ्यांत पापड उतरला.

जोराच्या पावसानंतर दोन-चार दिवसांनी डाग फुगत असेल, भिंत पश्चिमेची किंवा नैऋत्येची असेल, तर बाहेरून प्लॅस्टरला चीर, खिडकीची चौकट, छज्जा बघा. छताच्या कोपऱ्यातून खाली उतरत असेल आणि वर गच्ची असेल तर गच्ची. सोसायटीत राहत असाल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात येते. रेघा आणि तारखांचे फोटो जोडून लेखी अर्ज द्या.

कपाटामागे किंवा बंद खोलीत नुसते काळे ठिपके असतील तर गळती नसेलही. हातभर अॅल्युमिनियम फॉइल भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूने ओलं झालं तर हवेतला दमटपणा. कपाट चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडा. भिंतीच्या बाजूने ओलं झालं तर पाणी आतून येतंय.

कारण सापडलं तरी लगेच पुट्टी लावू नका. पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवा, सुकायला महिना-दोन महिने सहज जातात. आम्ही दसऱ्यापर्यंत थांबलो, पाहुणे काय म्हणतील ते म्हणोत. भिंतीपलीकडे काय आहे ते लिहिलंत तर अजून नेमकं सांगता येईल.