वाचकांचे प्रश्न : प्रोसेसरचा लिक्विड कूलर

या वेळची बरीच पत्रं लिक्विड कूलरबद्दल आहेत. त्यात प्रोसेसरवर टेकलेल्या ब्लॉकची धातूची प्लेट उष्णता द्रवाला देते, पंप ते द्रव नळ्यांतून रेडिएटरकडे नेतो आणि तिथले पंखे ती उष्णता बाहेर टाकतात. तापमानाचा आकडा सगळ्यांनी कळवलाय, पण तो किती वेळात चढला हे मोजक्यांनीच लिहिलंय. निदानाला खरा उपयोग त्या वेळेचा होतो, म्हणून पुढच्या वेळी लिहिताना ती जरूर कळवा.

रायझेन ७ ७७००एक्सवर नवा २४० मिलिमीटरचा कूलर घरीच बसवला. रेंडर (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं काम) लावला की दोन-तीन सेकंदांत ९५ अंश होतात. काहीही चालू नसतानाही ७०च्या खाली येत नाही. कूलर बदलून घेऊ का? — वाचक, भांडुप

एवढ्यात नको. पूर्ण भाराखाली ९५ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही, एएमडीने हे प्रोसेसर त्या मर्यादेपर्यंत चालतील असेच बनवलेत. पण मशीन रिकामं असताना ७० म्हणजे बसवण्यात काहीतरी चुकलंय. कूलरमधलं द्रव तापायला दहा-वीस मिनिटं तरी लागतात. दोन सेकंदांत पारा चढतो तेव्हा रेडिएटरचा त्यात काही संबंध नसतो, उष्णता द्रवापर्यंत पोचतच नसते. पंप बंद असेल, प्लेट नीट टेकली नसेल किंवा प्लेटच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली असेल. ही फिल्म राहून जाणं वाटतं त्यापेक्षा खूप जास्त घडतं.

आधी पंप बघा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) त्याचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, दिसतात का? शून्य असतील तर वायर तपासा. काही कूलरमध्ये पंपाला वीज पॉवर सप्लायकडून येणाऱ्या साटाच्या वायरीतून मिळते आणि मदरबोर्डला जाणारी बारीक वायर फक्त वेग कळवते. अशा वेळी साटाची वायर लावायची राहिली तर पंप फिरतच नाही. पंपाची वायर मदरबोर्डवरच्या ‘एआयओ पंप’ या पिनांवर लावा आणि वेग कायम १०० टक्के ठेवा. साध्या केस फॅनच्या पिनांवर लावली तर बोर्ड पंपाला पंखा समजतो आणि मशीन थंड असताना त्याचा वेग उतरवतो.

पंप चालू असेल तर कूलर उघडावा लागेल. मशीन पाच-दहा मिनिटं चालवा म्हणजे प्रोसेसर आणि प्लेटमधली उष्णता वाहणारी पेस्ट मऊ पडते. मग बंद करून प्लग काढा, स्क्रू आळीपाळीने सैल करा आणि ब्लॉक डावीउजवीकडे थोडा फिरवून उचला. तुमच्या एएम५ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेत) प्रोसेसर धातूच्या चौकटीत अडकलेला असतो. आधीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी मात्र ब्लॉक सरळ वर ओढू नये, प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

आता पेस्टचा ठसा नीट बघा. पातळ आणि सगळीकडे सारखा असेल तर दाब बरोबर आहे. एका कडेला जाड थर, दुसऱ्या कडेला जवळजवळ कोरी जागा दिसली तर ब्लॉक तिरका बसलाय. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की हेच होतं. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते मिळतं. मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा, ब्लॉक सरळ खाली टेकवा आणि समोरासमोरचे स्क्रू दोन-दोन फेरे देत आवळत जा. एएम५वर मागची धातूची पट्टी काढायची नसते, पुढचे दोन प्लास्टिकचे कंस तेवढे काढायचे.

एवढं केल्यावरही भाराखालचे ९५ नको वाटत असतील तर बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड लावा. नावात ६५ असले तरी प्रोसेसरच्या विजेची मर्यादा १४२ वॉटवरून ८८ वॉटवर येते.

इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटचा जुना कूलर आय५-१२६००केवर चालेल का? — वाचक, विक्रोळी

तुमच्या प्रोसेसरच्या एलजीए १७०० सॉकेटवर कूलर बसवायचं किट मिळालं तरच. मदरबोर्डवरच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर ७५वरून ७८ मिलिमीटर झालंय, शिवाय नवा प्रोसेसर सॉकेटमध्ये थोडा खाली बसतो. जुन्याच खुंट्या वापरून कसाबसा बसवलात तर प्लेट अधांतरी राहते.

आय७-१४७००के, ३६० मिलिमीटरचा रेडिएटर पुढच्या बाजूला. व्हिडिओ एडिटिंगची पहिली दहा मिनिटं ठीक, अर्ध्या तासाने ९५च्या पुढे. रात्री एसीत हाच आकडा बराच कमी. — वाचक, गिरगाव

तुमच्या मशीनमध्ये उष्णता द्रवात नीट जातेय, ती रेडिएटरमधून बाहेर पडत नाही. कुठलाही कूलर द्रवाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात खोली ३३ अंशांवर आणि एसीत २४वर, म्हणजे ९ अंशांचा फरक इथेच पडला. आकडा नोंदवताना खोलीचं तापमानही लिहून ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

कॅबिनेटचा पुढचा पॅनल काढून अर्धा तास तेच काम करा. पाच-सात अंशांनी उतरलं तर पॅनल हवा अडवतोय. मग पंख्यांची दिशा बघा: हवा उघड्या बाजूने आत शिरते आणि मोटर धरणाऱ्या दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. एखादा पंखा उलटा लागला असेल तर त्याच्यापुरता रेडिएटर वाया गेला.

वीज हा दुसरा मुद्दा. इंटेलने या प्रोसेसरची मर्यादा २५३ वॉट ठेवली आहे. एमएसआय कंपनीच्या मदरबोर्डवर मात्र बायोसमध्ये कूलरचा प्रकार ‘वॉटर कूलर’ निवडला की ती ४०९६ वॉट होते, म्हणजे मर्यादाच उरत नाही. हाताने २५३ टाका. बायोस जुना असेल तर आधी अपडेट करा: १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे बिघडत होते, त्यावर इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिलाय. हे अपडेट टाळू नका.

कूलरमधून गुळगुळ आवाज येतो. — वाचक, वर्सोवा

आत थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जाते. ती जागा पंपाची नसावी. रेडिएटर वर छताला लावा, किंवा पुढे लावताना त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं बघा. पंप चालू असताना कॅबिनेट हलकेच पुढेमागे कलवलं की अडकलेले बुडबुडे सुटतात. नव्या कूलरचा आवाज एक-दोन दिवसांत आपोआपही थांबतो.

समुद्राजवळ राहता म्हणून एक सांगतो. दमट हवेत धूळ रेडिएटरच्या पात्यांना चिकटून बसते. दर दोन महिन्यांनी मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा, आणि तेव्हा पंखे बोटाने धरून ठेवा.

पाच वर्षांचा कूलर. पंपाचे आरपीएम नेहमीइतकेच, तरी प्रोसेसर तापतो. पाणी भरावं का? — वाचक, चेंबूर

भारावर असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. प्रवाह नीट असेल तर दोन्ही जवळपास सारख्याच कोमट लागतात. एक गरम, दुसरी थंड आणि रेडिएटरही थंड असेल तर प्रवाह अडलाय. पंप फिरतो, पण प्लेटच्या आतल्या केसाएवढ्या खाचा गाळाने बुजलेल्या असतात. प्लेट तांब्याची, रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा. द्रवातलं गंजरोधक संपत आलं की हे दोन धातू एकत्र टिकत नाहीत. नळाचं पाणी घातलंत तर गंज आणखी वेगाने वाढेल. बंद कूलर उघडून भरायला केलेलाच नसतो. वॉरंटी पाहा, संपली असेल तर नवा घ्या.

पावसाळ्यात एसी लावल्यावर कूलरवर पाणी धरेल का? — वाचक, दादर

मशीन चालू असताना नाही, कारण कूलरचा कुठलाच भाग खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. एक प्रसंग मात्र सांभाळा. २० अंशांच्या खोलीत मशीन बंद करून ठेवलं आणि लगेच खिडक्या उघडल्या, तर बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प थंड धातूवर धरू शकतं. खिडकीची काच धुरकटलेली दिसली तर कॅबिनेटवरही तेच झालंय असं समजा आणि तासभर मशीन सुरू करू नका.