सही बाईंची, शब्द साहेबांचा

प्रश्न : आमच्या गावात सरपंच बाई आहेत पण खुर्चीत त्यांचे मिस्टर बसतात, काही विचारलं की म्हणतात 'साहेबांना विचारून सांगतो', आणि साहेब तर कुठल्याच निवडणुकीला उभे नव्हते. मग आम्ही मत देतो ते नक्की कुणाला?
— एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : दादा, हे दुखणं जुनंय. शेजारच्या साताऱ्यातच बघा की, गादी छत्रपतींची आणि कारभार पुण्यातनं पेशव्यांचा, १७४९ ला शाहू महाराज गेल्यावर तर उघडउघडच, आणि पुढं पेशव्यांचीही तीच गत, सवाई माधवराव पोर आणि दौलत नाना फडणवीसांच्या हातात. आपल्याकडं पुढाऱ्याला अजून कारभारी म्हणतात. (नवऱ्यालाही म्हणतात, तुमच्या सरपंचबाईंच्या घरात दोन्ही कारभारी एकच निघाले!)

आता साहेब, म्हणजे साखर कारखाना आणि बँक ज्यांच्या शब्दावर चालते ते पुढारी. ज्याला तुमचं काम अडवता येतं त्याला निवडून यायची गरज नसते. उसाला तुरा आलाय, वजन घटतंय, रान मोकळं होईना, अशा वेळी ऊसतोडीची टोळी आधी कुणाच्या रानात घालायची हे चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, बघतो, आणि चिटबॉय कुणाचा फोन उचलतो ते मी सांगायला नको. पीककर्जाचं तसंच. कर्ज गावच्या विकास सोसायटीतनं, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा, आणि त्या बँकेच्या निवडणुकीत सोसायटी गटाला तुम्ही मत देतच नाही, सोसायटी ज्याच्या नावानं ठराव करते तो एकटा देतो. अख्ख्या गावाचं मत एका खिशात! म्हणून तर निवडणूक लागली की ठराववाले फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला नेतात.

साहेबांचीही दोरी वर बांधलेलीय म्हणा, कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी (कर्ज थकलं तर सरकार भरेल अशी हमी) लागते. आणि वरच्यांना पैसा कोण देतं? २०१८ पासून पक्षांना नाव न कळता देणगी द्यायचे निवडणूक रोखे होते तेव्हा तुम्हाआम्हाला ते कळायची सोयच नव्हती, १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केले तेव्हा कुठं याद्या बाहेर आल्या.

पण एक गोष्ट विसरू नका, ग्रामपंचायतीच्या चेकवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याबरोबर (पूर्वीचा ग्रामसेवक) सही लागते ती बाईंची, मिस्टरांची बँकेत चालत नाही. म्हणजे अडवायची ताकद त्यांच्याकडंही आहे. पुढच्या ग्रामसभेत प्रश्न त्यांनाच विचारा, मिस्टर उठले तर बसवा. आणि बाईंनी एखादी सही खरंच अडवली आणि साहेबांचा फोन थेट त्यांना आला, तर आम्हाला जरूर कळवा.