गिरणीचा भोंगा तिला कसा आठवतो?

प्रश्न : माझ्या 26 वर्षांच्या मुलीला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर (एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वे वावरण्याचा मानसिक विकार) असल्याचे निदान झाले आहे. तिच्यातले एक व्यक्तिमत्त्व स्वतःला ‘दादा’ म्हणवते. लालबागच्या चाळीत वाढल्याच्या, पहाटेच्या भोंग्याला डबा घेऊन गिरणीत गेल्याच्या, संपात बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकल्याच्या आठवणी ‘दादा’ सांगतो. आम्ही मुलुंडचे. माझे सासरे गिरणीत होते, पण ते तिच्या जन्माआधीच वारले. आता ‘दादा’ म्हणतो की, लहानपणी एका नातेवाइकाने तिला पोटमाळ्यावर कोंडून ठेवले होते. पहिले खोटे असेल, तर दुसरे खरे कसे मानावे?
– एक आई, मुलुंड

उत्तर : गिरणी कामगारांचा तो संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, तेव्हा तुमची मुलगी जन्मलीही नव्हती, त्यामुळे ही तिच्या आयुष्यातल्या प्रसंगाची आठवण नाही, हे उघड आहे. तरीही ती थाप नव्हे. थाप मारणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते, ‘दादा’ला ते ठाऊक नाही. आजोबांविषयी घरात निघालेल्या गोष्टी, जुने फोटो, टीव्हीवर पाहिलेले काही, हे सारे मनात राहते. मात्र ते कोठून आले याची खूण पुसली गेली, की ऐकलेले अनुभवलेले वाटू लागते. असे तुमच्या-माझ्या बाबतीतही होते. या विकारात स्वतंत्र व्यक्तिमत्त्वाला स्वतःचा भूतकाळ लागतो आणि मन तो हाताशी असलेल्या सामग्रीतून उभा करते. (सिनेमांनी या आजाराचा इतका तमाशा केला आहे की, हे ऐकून घरच्यांना प्रथम नाटकाचाच संशय येतो.)

पोटमाळ्याची गोष्ट मात्र वेगळी तपासावी लागेल. गिरणीची आठवण काल्पनिक ठरली, एवढ्यावरून ही खोटी ठरत नाही. आणि ती रडत, थरथरत सांगते, एवढ्यावरून खरीही ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याचा न घडलेला प्रसंग 24 जणांना घरच्यांच्या हवाल्याने सांगितला गेला आणि त्यांपैकी 6 जणांना तो पूर्णतः किंवा अंशतः ‘आठवला’. अर्थात, चुकीची आठवण रुजू शकते एवढेच त्यातून कळते. तुमच्या मुलीची आठवण तशी आहे, हे नव्हे. बालपणीचा छळ या रुग्णांच्या पूर्वेतिहासात वारंवार आढळतो, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून ‘तो मामाच होता ना?’, ‘दार बाहेरून लावले होते का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. ती जे आपणहून सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा आणि तिच्या संमतीने उपचारकांना दाखवा. संमोहनाने ‘आत दडलेले’ बाहेर काढून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. संमोहनात आठवणी अचूक होत नाहीत, त्यांच्याविषयीची खात्री मात्र वाढते. ‘दादा’ बोलेल तेव्हा त्याला उलटतपासणीत पकडू नका आणि हो ला हो मिळवू नका. ‘ते आठवून तुला फार त्रास होतोय, हे दिसतंय मला,’ असे म्हणणे खरेही आहे आणि पुरेसेही. त्या नातेवाइकाच्या घरी आज लहान मुले जात-येत असतील, तर त्यांना तेथे एकटे न ठेवण्यासाठी जुन्या आठवणीचा निकाल लागण्याची वाट पाहू नये.