डिझेल पिकअपचा फ्युएल पंप पुन्हा पुन्हा का बिघडतो?

फोंडा ते म्हापसा भाजी वाहणाऱ्या आपल्या पिकअपचा हाय प्रेशर पंप (डिझेल जास्त दाबाने इंजिनाकडे ढकलणारा फ्युएल पंप) दोन वर्षांत दुसऱ्यांदा निकामी झाला, तेव्हा नवा पंप तरी टिकेल का, असे आपण विचारले आहे. कॉमन रेल इंजिनातील (ज्यात ‘रेल’ या एकाच नळीतून सर्व इंजेक्टरना, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागांना, डिझेल मिळते) बहुतेक पंपांना वंगण डिझेलचेच मिळते आणि दाब १,६०० बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या सुमारे १,६०० पट) किंवा त्याहूनही वर जातो, म्हणून डिझेलमध्ये थोडेसे पाणी शिरले तरी आतले भाग गंजतात, घासतात.

गोव्याच्या दमट हवेत रिकाम्या जागेतल्या बाष्पाचे पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते, म्हणून अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवू नये, संध्याकाळीच भरावी. फिल्टरखालचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे. पाणी असल्यास तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसतो. जुन्या पंपाचा चकचकीत धातूचा चुरा टाकी, नळ्या, रेल व इंजेक्टरमधून काढल्याशिवाय नवा पंप मुळीच बसवू देऊ नका.