वारा कुठून, आणि पाणी किती वेळ?

प्रश्न : आमचं घर बडोद्यात छाणीच्या पुढे, नंदेसरीच्या रस्त्याला. रात्री एखाद्या कारखान्याचा भोंगा वाजला आणि वास आला, तर स्कूटर काढून पळावं की दारं लावून बसावं? घरात सासू-सासरे आहेत, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे. — एक वाचक, छाणी

उत्तर : वास दारात पोचलाच असेल, तर घरातच थांबा. भोपाळला २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री अनेक जण वायू जिकडे सरकत होता तिकडेच पळाले. पळताना धाप लागते, श्वास खोल जातो आणि विषही जास्त ओढलं जातं. म्हाताऱ्या माणसांना स्कूटरवर बसवेपर्यंतची दहा मिनिटं तर उघड्यावरच जातात.

कमी खिडक्यांची एक खोली आजच ठरवा, जमल्यास वरच्या मजल्यावरची. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, त्यामुळे तो तळाशी साचतो. पंखे, एसी, स्वयंपाकघरातली चिमणी बंद. कूलर आठवणीने बंद करा, तो बाहेरचीच हवा आत ओढतो. गॅसची शेगडी आणि देवाजवळचं निरांजनही विझवा. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीच्या कडांना चिकटपट्टी लावा. नाकातोंडावर ओला रुमाल धरल्याने अमोनिया, काही प्रमाणात क्लोरीनसुद्धा अडतो, कारण हे वायू पाण्यात विरघळतात. मात्र रुमाल बांधून बाहेर चक्कर मारायला जाऊ नका, तो मास्क नव्हे.

'धोका टळला' अशी घोषणा झाली की उलट करायचं. सगळी दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर यायचं. बाहेरची हवा निवळली तरी बंद खोलीत शिरलेला वायू तिथेच कोंडून राहतो. लोक नेमकं हेच विसरतात.

गळती अजून लांब असेल किंवा पोलिसांनी निघायला सांगितलं, तरच बाहेर पडा, आणि वाऱ्याला आडवं जा. वाऱ्याच्या दिशेने गेलात तर ढग तुमच्या मागोमाग येतो, वाऱ्याच्या उलट गेलात तर कदाचित गळतीच्याच तोंडाशी पोचाल. वारा कसा ओळखायचा हे बडोदेकरांना आम्ही काय सांगणार! उत्तरायणाला पतंगाला ढील देण्याआधी जे पाहता, तेच. रात्री दोरीवरचे कपडे किंवा उदबत्तीचा धूर पाहा. हिवाळ्यातल्या निवांत रात्री जास्त वाईट, कारण थंड हवा जमिनीलगत बसते आणि वायू खालच्या भागातून हलत नाही. अमोनिया एरवी हवेपेक्षा हलका, पण टाकीतून द्रवरूपात फुटला की पांढऱ्या थंड धुक्यासारखा जमिनीवरूनच सरपटतो.

भोंग्याचा कोणता सूर कशासाठी, हे कारखान्याला आधीच विचारून ठेवा. मोठ्या अपघाताचा संभव असलेल्या ठिकाणी आसपासच्या लोकांना धोका आणि खबरदारी कळवणं १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत सांगितलेलं आहे. तुम्ही काही मेहेरबानी मागत नाही.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांना वेल्डिंगनंतर डाग काढायला पिकलिंग पेस्ट (अ‍ॅसिडची पेस्ट) लावतो. हातमोज्याला बारीक भोक होतं, बोटाला पेस्ट लागली. धुतलं, काही वाटलं नाही. रात्री बोट असं ठणकलं की झोप नाही. वर फोडसुद्धा नव्हता. — मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) येथील फॅब्रिकेटर

उत्तर : या पेस्टमध्ये नायट्रिक अ‍ॅसिडसोबत बहुधा हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, आणि हे दुसरं दगाबाज. ते कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. तीव्रता २० टक्क्यांच्या आत असेल तर कळ यायला २४ तासही लागू शकतात, २० ते ५० टक्क्यांना १ ते ८ तास. वरून काही दिसत नाही आणि आतून बोट जळत असतं. मोठ्या भागावर लागलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून 'बोटालाच तर लागलंय' म्हणून सोडू नका.

हातमोजा, अंगठी, घड्याळ लगेच काढा आणि हात वाहत्या पाण्याखाली धरा. २.५ टक्क्यांची कॅल्शियम ग्लुकोनेट जेली हाताशी असेल तर पाच मिनिटं धुऊन ती चोळायला लागा, नसेल तर ती मिळेपर्यंत पाणी चालू ठेवा. चोळणाऱ्याने धड हातमोजा घालावा. बोटं असतील तर हातमोज्यातच जेली भरून हात त्यात घालतात, म्हणजे ती नखाच्या कडेपर्यंत पोचते. दर १०–१५ मिनिटांनी नवी लावा आणि लावतच दवाखान्यात जा. पेस्टचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या आणि दारातच 'हायड्रोफ्लोरिक' हा शब्द उच्चारा. नाहीतर साधं भाजलं समजून मलम लावून परत पाठवतात. बोट बधिर करू देऊ नका, कळ थांबणं हीच उपचार लागू पडल्याची खूण.

तयार जेली मिळत नसेल तर १० टक्क्यांच्या कॅल्शियम ग्लुकोनेट इंजेक्शनची १० मिलीची एक अँप्यूल पाण्यात विरघळणाऱ्या ३० मिली ल्युब्रिकेटिंग जेलीत मिसळा, प्रमाण बरोबर २.५ टक्के येतं. वर्कशॉपच्या पेटीत या दोन वस्तू ठेवाच, आणि अँप्यूलची मुदत तपासत राहा. कुठल्याही अ‍ॅसिडवर सोडा चोळू नका. उष्णता निर्माण होऊन जखम वाढते. चुना किंवा तसली कोरडी भुकटी अंगावर पडली तर आधी झटका, मग भरपूर पाणी. डोळ्यात काहीही गेलं तर पापणी उघडी धरून निदान २० मिनिटं पाणी, घड्याळ लावून. चुना, कॉस्टिकला त्याहूनही जास्त.

प्रश्न : दिवाळीच्या साफसफाईत संडासात ब्लीचिंग पावडर टाकून वर अ‍ॅसिड ओतलं. घसा धरला, खोकला थांबेना. दूध-गूळ द्यावा का? — दांडिया बाजार

उत्तर : तो क्लोरीनच तयार झाला. दूध-गुळाने तो उतरत नाही. बाहेर मोकळ्या हवेत बसा, डोळे धुवा, जिने चढू नका. खोकला टिकला, छातीत दाटलं, शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच १०८. दम्याच्या माणसाने इतकी वाटही पाहू नये, त्रास काही तासांनीही वाढतो. संडासाकडे वास विरल्यावरच जा, मग भरपूर पाणी ओता.

प्रश्न : हायवेवर टँकर उलटला तर आपण नेमकं काय कळवायचं?

उत्तर : लांब थांबा, वाऱ्याची बाजू बघा. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक फलक असतो, त्यावरचा चार आकडी क्रमांक मोबाइलच्या झूमने वाचा आणि ११२ वर सांगा. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १८३० सल्फ्युरिक अ‍ॅसिड, १२०३ पेट्रोल. जवळ जाऊन वाचायचा प्रयत्न नको. आकडा दिसत नसेल तर ढगाचा रंग आणि तो कुठल्या बाजूला सरकतोय, एवढं सांगितलंत तरी अग्निशमनवाल्यांना कुठल्या बाजूने यायचं ते कळतं.