टायटॅनिया घातलं तरी फ्लक्स घटला, असं का?

तुम्ही म्हणताय की पाणी गाळायचं मेम्ब्रेन करताना १८ टक्के पीईएसच्या (पॉलिइथरसल्फोन हे पॉलिमर) डोपमध्ये, म्हणजे ज्यापासून मेम्ब्रेन बनतं त्या द्रावणात, ५ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे टायटॅनियाचे बारीक कण, घातलं, कॉन्टॅक्ट अँगल (पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन, कमी म्हणजे पाणी नीट पसरतं) छान खाली आला, पण फ्लक्स (मेम्ब्रेनमधून पाणी जाण्याचा वेग) साध्या मेम्ब्रेनपेक्षाही कमी. आधी एक सांगा, हे ५ टक्के कशाचे? पॉलिमरच्या वजनाचे की अख्ख्या डोपच्या? डोपचे असतील तर पॉलिमरच्या मानाने ते जवळपास २८ टक्के झाले, मग नवल काहीच नाही. पेपरात दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं असतं, मीपण यात फसलोय.

होतं काय, की थोडे कण असले तर डोपचा पातळ थर पाण्यात बुडवल्यावर एनएमपी (पॉलिमर ज्यात विरघळवतो ते सॉल्व्हंट) बाहेर आणि पाणी आत ही देवाणघेवाण पटापट होते, पोअर्स मोकळे होतात, फ्लक्स वाढतो. पण कण वाढवत गेलात की डोप घट्ट होतो, तीच देवाणघेवाण रखडते आणि वरची स्किन जाड, दाट बनते. त्यात कणांचे गुठळे, म्हणजे पी२५ (टायटॅनियाची बाजारात मिळणारी पावडर) चा एक कण साधारण २१ नॅनोमीटरचा असला तरी डोपमध्ये तो एकटा राहतच नाही, ते गुठळे कुठे पोअर बुजवतात तर कुठे स्किनला भोक पाडतात, मग रिजेक्शनपण (नको ते अडवण्याची क्षमता) जातं. कॉन्टॅक्ट अँगल फक्त पृष्ठभागाचं सांगतो, आत काय झालंय त्याचा त्याला पत्ता नसतो.

मी काय करतो, कण आधी नुसत्या एनएमपीमध्ये सोनिकेट करतो (अल्ट्रासाउंडने गुठळे फोडतो), मग चिमूटभर पॉलिमर टाकून पुन्हा सोनिकेट, म्हणजे कणांवर पॉलिमर चढतं आणि ते एकमेकांना कमी चिकटतात, उरलेलं पॉलिमर नंतर हळूहळू. रात्रभर ढवळा, हवेचे बुडबुडे जाऊ द्या, पण डोप दिवसचे दिवस ठेवू नका, कण तळाला बसतात. पॉलिमरच्या ०.५, १, २ टक्क्यांवर करून बघा, कुठेतरी फ्लक्सचं शिखर दिसेल.

आणि खरं सांगू का, नॅनोच्या मागे लागायच्या आधी ब्लेंडिंग करून बघा. थोडं पीव्हीपी (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) किंवा सल्फोनेटेड पीईएस मिसळलं तरी पुष्कळ काम होतं, भानगड कमी. पीव्हीपीचा बराच भाग पाण्यात धुऊन जातो आणि जाताना पोअर्स करून जातो, त्याच्या ग्रेड्समध्ये के९० हा के३० पेक्षा जास्त टिकून राहतो कारण साखळ्या लांब. दोन पॉलिमर मिसळल्यावर (कण घालायच्या आधी) डोप गढूळ दिसला तर ते जमत नाहीयेत असं समजा, तो कास्ट करू नका (पसरवून मेम्ब्रेन बनवू नका).

टेस्ट करताना आधी वरच्या प्रेशरला मेम्ब्रेन दाबून फ्लक्स स्थिर होऊ द्या, मगच आकडा लिहा. नुसत्या पाण्याच्या फ्लक्सवर खूश होऊ नका, बीएसए (चाचणीसाठी वापरतात ते प्रोटीन) चालवून, धुऊन, फ्लक्स किती परत येतो ते बघा, फाउलिंग (घाण चिकटून मेम्ब्रेन तुंबणं) कमी झालंय का ते तिथेच कळतं. शिवाय परमिएटमध्ये (गाळून आलेल्या पाण्यात) टायटॅनियम उतरतंय का ते आयसीपीवर (धातू मोजायचं यंत्र) तपासा, पिण्याच्या पाण्याची गोष्ट आहे. अजून एक, टायटॅनियावर यूव्ही पडला की ते घाणीसोबत पॉलिमरपण खातं, त्यामुळे मेम्ब्रेन उन्हात वाळवत असाल तर ते आधी थांबवा.